शिवलेला कावळा

पौषातली थंडी अशी की भिंगारमधल्या पत्र्यांवरून दव ठिबकत होतं, अन् छावणीच्या हद्दीतले लिंब धुक्यात कमरेपर्यंत बुडाले होते. छबूबाईच्या खोलीत मात्र घाम. दोन चुली, दोन तवे, मधी परात, अन् परातीपुढं फतकल मारून बसलेली बासष्ट वर्षांची छबूबाई. थापायची, तव्यावर टाकायची, पाण्याचा हात फिरवायचा, पालटायची, निखाऱ्याला उभी करायची, की टम्म. मोजायची गरज नव्हती. साठावी भाकरी झाली की हात आपोआप थांबायचे, जसा बैल आपल्या दारात थांबतो.

आज तिनं वर दोन जास्तीच्या थापून बाजूला ठेवल्या. साठही भाकरी तिनं धडप्यात गुंडाळल्या आणि कावळ्याच्या पिशवीत भरल्या.

आज तिच्या बापाचा दहावा होता. पण सावेडीतल्या सुनीलच्या मेसमध्ये या भाकरी खाणाऱ्यांना त्याचं काय? आणि लेकीला सुतक तीनच दिवसांचं. पोरगी लग्न करून गेली की बाप गेल्याचं दुःखसुद्धा तिला मोजून-मापून देतात. छबूबाई म्हणाली होती, “बरं हाय, चौथ्या दिशी परातीला हात लागतो. रडत बसाया आपल्याला परवडत न्हाई.”

ती पिशवी म्हणजे त्या गल्लीतला एक स्वतंत्र विषय होता.

छबूबाईची लेक निकिता नर्स. भाकरीवर शिकली, परीक्षा देत देत कॅनडात गेली, तिथल्या समुद्रकाठच्या दवाखान्यात लागली. दोन वर्षांमागं सुट्टीला आली तेव्हा आईला ही पिशवी आणली. जाड सुती कापड, धुवा आणि पुन्हा वापरा. त्यावर काळ्या-लाल रंगात केवढा तरी कावळा. पण आपल्या वळचणीचा नव्हे. चोच कोयत्यासारखी टोकाला वाकलेली, चोचीत ताटलीएवढा गोल. पंखात एक डोळा, छातीत दुसरा, आणि शेपटीत तर अख्खं तोंडच.

“निके, आईला कुनी कावळा आनतं व्हय भेट? साडी न्हाई घावली?” छबूबाई म्हणाली होती.

“आये, आधी ऐकून तर घे. तिकडं बेटावर हायडा म्हणून लोक आहेत. समुद्रावर जगणारे, पार जुने. त्यांच्यात दोन बाजू, एक कावळ्याची आणि एक गरुडाची. कावळेवाल्यानं कावळेवालीशी लग्न करायचं नाही. दुसऱ्याच बाजूची करायची.”

“म्हंजी देवक,” छबूबाई चटकन म्हणाली. “आपल्यात न्हाई व्हय, एका देवकात सोयरीक जमत न्हाई? त्यांचं देवक कावळा. मंग एवडं काय त्यात.”

निकिता हसली. तिला स्वतःला हे समजायला तिकडं अर्धा दिवस लागला होता. “पण एक वेगळं आहे. पोर आईच्या बाजूचं धरतात. आई कावळ्याची तर पोरं कावळ्याची. नाव, मान, सगळं आईकडून.”

छबूबाईनं पिशवी चुलीच्या उजेडात धरली. “आईकडनं?” तिनं पुन्हा विचारलं.

कावळ्याच्या चोचीतला गोल म्हणजे सूर्य, हेही निकितानं सांगितलं. फार आधी सगळ्या दुनियेत अंधार होता. सगळा उजेड एका म्हाताऱ्यानं पेटीत कोंडून ठेवलेला. पेटीच्या आत पेटी, त्या पेटीत आणखी पेटी. कावळ्यानं काय केलं, झाडाचं बारीक पान होऊन पाण्यात पडला. म्हाताऱ्याची लेक ते पाणी प्यायली, आणि कावळा तिच्या पोटी जन्माला आला. नातू झाला. नातवानं रडून रडून एकेक पेटी उघडून घेतली. उजेड हातात आला की झाला पुन्हा कावळा, आणि धुराड्यातून पसार.

“तिथं म्हणतात, कावळ्यानं उजेड चोरला,” निकिता म्हणाली.

“चोरला?” छबूबाई उसळली. “नातवानं आज्याच्या पेटीतलं घेतलं, त्याला चोरी कोन म्हनंल? अन् म्हाताऱ्यानं काय इकत आनला हुता व्हय उजेड? पन कावळा हुशार बग. उजेड काढाया लेकीच्याच पोटी गेला.”

पिशवीच्या आतल्या बाजूला इवलीशी पट्टी होती. चित्र काढणाराचं नाव. तो त्याच लोकांतला. आणि त्याखाली, निकितानं वाचून दाखवलं, कापड आणि शिलाई भारतातली. त्यावर छबूबाई पोट धरून हसली. “म्हंजी कापूस आपला अन् कावळा त्यांचा. माहेराला आलीया गं ही पिशवी.”

पुढं साठ भाकऱ्यांच्या भारानं तिचा एक बंद उसवला. छबूबाईनं दाभण घेतलं, काळ्या दोऱ्यानं पंखाच्या कडेपासून बंदापर्यंत अशी टीप घातली की आता बैल बांधा. शेजारची लंकाबाई दारातून बघत होती. बाईमाणसाच्या चार दिवसांना आपल्याकडं काय म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक. ती ओरडली, “काय गं छबू, या वयात कावळा शिवला का?”

नळावरच्या बाया खिदळल्या.

“लंके, मला शिवायचा त्यो शिवून कवाच उडाला,” छबूबाईनं दातानं दोरा तोडला. “आता मीच त्याला शिवतीया!”

आज सुनीलच्या मेसवर भाकरी टाकून छबूबाई माळीवाड्याच्या स्टँडवर आली आणि पाथर्डीच्या गाडीत खिडकी धरून बसली. पिशवीत आता बापाच्या आवडीचा लसणाचा ठेचा, दोन राखून ठेवलेल्या भाकरी आणि एक टॉवेल. आधार कार्ड नव्हतं. ते तिनं मुद्दाम पिठाच्या डब्याच्या बुडाशी घालून वर कुलूप लावलं होतं.

कारण तिसऱ्या दिवशीच भाच्याचा फोन आला होता. कल्याण, तिच्या भावाचा, अंगदचा थोरला, बी.ए. झालेला आणि तहसील कचेरीच्या दारात उठबस असलेला. “आत्या, दहाव्याला येताना तेवढं आधार कार्ड आन.”

“दहाव्याला आधार कार्ड? यम इचारतो का काय?”

“न्हाई, एक बारीक सही हाय. हक्कसोड. गावात समद्याच आत्या देत्यात.”

बापाचं, छगन म्हाताऱ्याचं रान सात एकर. आई कधीच गेलेली. वारस दोन: छबू आणि तिच्याहून सोळा वर्षांनी धाकटा अंगद. कायद्यानं साडेतीन-साडेतीन. आणि त्या सात एकराच्या मधोमध विहीर.

करंजी घाट उतरताना छबूबाईला ती विहीरच दिसत होती. लग्नाआधीचे दोन उन्हाळे. बाप खाली सुरुंगाची भोकं पाडायचा, आणि वर रहाटाला सतरा वर्षांची छबू. टोपली वर ओढायची, डबर ओतायचं, टोपली खाली. अंगद बाभळीला बांधलेल्या झोळीत. रडला की एका हातानं झोळीची दोरी, दुसऱ्या हातानं रहाट. पाणी लागलं त्याच्या पुढच्या वैशाखात तिचं लग्न झालं. मग बावीस हंगाम ती नवऱ्याबरोबर ऊस तोडत हिंडली, अर्धा महाराष्ट्र पाचटाच्या कोपीतून बघितला. पण त्या विहिरीचं पाणी तिच्या वाट्याला पाहुणी म्हणून तांब्यानंच आलं. नवरा गेल्यावर ती लेकीला घेऊन माहेरी आली नाही, भिंगारला गेली. कुणी ये म्हटलंही नव्हतं.

घाटाखाली दोन्ही अंगांनी ज्वारी उभी होती, कणसं दुधात आलेली. हुरड्याचे दिवस. रानोरान गोफणी वाजत होत्या, तरी कणसांवर राघू, चिमण्या आणि कावळेच कावळे. छबूबाईनं ते बघितलं आणि नकळत मनात ठेवलं.

धोंडेवाडीच्या ओढ्याला महादेवाच्या देवळापाशी दोनशे माणूस जमलेलं. पिंड मांडून झाला होता. भाताचा गोळा, वर दही, फूल. माणसं लांब सरकून बसली, बाया लिंबाखाली. सगळ्यांच्या माना वर.

कावळा येईना.

अर्धा तास झाला. “म्हाताऱ्याला तंबाकू लागायची, ठिवा,” कुणी म्हणालं. तंबाखू ठेवली. “चहाबिगर हालायचा न्हाई त्यो.” चहा ठेवला. अंगद हात जोडून उभा राहिला, “दादा, तुमची गाय इकनार न्हाई. देवळाला घंटा लावीन.” एक पारवा येऊन बघून गेला. तास झाला. भावकीतला एक पैलवान लिंबाच्या बुडाला टेकून घोरायला लागला. ऊन वर आलं आणि मंडपातून आमटीचा वास सुटला, तसं सगळ्यांचं दुःख पोटात उतरलं.

गुरुजींनी दर्भाची काडी हातात घेतली. कावळा नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायची रीत आहेच. दुपारी त्यांना पलीकडच्या गावात आणखी एक दहावा होता.

“थांबा गुरुजी,” कल्याण पुढं झाला. त्याच्या काखेत प्लास्टिकची फाईल होती. “दर्भाचा कशाला? आज्याचा जीव कशात अडकलाय ते समद्यांना ठावं हाय. रानाचे तुकडे हुत्यात का काय, ह्यात अडकलाय.” मग तो लिंबाकडं वळला. “आत्या, तू एक शबूद दे. ‘हक्क सोडला’ एवडं म्हन पिंडापुढं. बग कसा शिवतो.”

दोनशे माना वरच्या खाली आल्या आणि छबूबाईकडं वळल्या.

तिला कळलं. कागदावरची सही एक वेळ नाकारता येते. पण मेलेल्या बापाच्या पिंडापुढं, भावकीच्या देखत दिलेला शब्द मागं घेता येत नाही. घेतला तर उद्या गाव म्हणणार, हिनं बापाला ताटकळत ठेवला.

“आक्का,” अंगद पायाकडं बघत म्हणाला, “दादांसाठी. एवडं कर.”

छबूबाई उठली. पदर खोचला, पिशवी खांद्याला अडकवली आणि पिंडापाशी जाऊन उभी राहिली.

“कल्याण, बाबा, कावळं कुठं हायती सांगू? करंजीपासून हितवर समद्या रानात हुरडा खात बसल्यात. दुधाची कनसं सोडून तुझ्या गार भातावर येत्यात व्हय? अन् तू त्यांना माझ्या सईवर बोलावतुस!”

लिंबाखाली कुणीतरी फिस्सकन हसलं.

“आत्या, थट्टा नको. सोडला म्हन.”

“सोडाया ती काय दाव्याची गाय हाय?” तिचा आवाज चढला. मग ती पिंडाकडं वळली, जणू बाप बाजेवर बसलाय. “दादा, तुमी उभ्या जल्मात कवा म्हनला न्हाई की ईहीर छबूनं खंदली. चार मानसांत बसला की ‘म्या खंदली’ म्हनायचा. मी काय बोलले न्हाई. पन ‘छबे, हक्क सोड’ असं बी तुमी कवा म्हनला न्हाई. जित्तेपनी म्हनला न्हाई ते आता कावळ्याच्या तोंडून कोन म्हनतंय, मला चांगलं दिसतंय.”

अंगदनं मान आणखी खाली घातली. कल्याणनं फाईल उघडली, हक्कसोडीचा कागद वाऱ्यावर फडफडला.

“त्याची घडी घाल,” छबूबाई म्हणाली. “जाड हाय. भाकरीखाली घालाया बरा.”

मग तिनं गुरुजींना विचारलं, “गुरुजी, गवताचा कावळा चालतो?”

“चालतो. रीतच आहे.”

“मंग कापसाचा?”

गुरुजींनी आधी पिशवीकडं बघितलं, मग उन्हाकडं, मग मनगटावरच्या घड्याळाकडं. “दर्भ ही वनस्पती,” ते सावकाश म्हणाले, “आणि कापूसही... म्हटलं तर वनस्पतीच.”

छबूबाईनं खांद्यावरची पिशवी काढली, दोन्ही हातांनी ताणून धरली. काळा-लाल कावळा उन्हात लखलखला, चोचीतल्या सूर्यासकट. ती वाकली, आणि घसा ताणून म्हणाली, “शिवत न्हाई म्हनता ना? ह्यो बगा शिवलेला कावळा!” आणि चोच पिंडाला टेकवली.

झालं असं की मागच्या रांगांना अख्खं वाक्य गेलंच नाही. त्यांच्या कानी पडलं तेवढं ‘शिवला’ आणि ‘कावळा’. लिंबाच्या बुडाचा पैलवान दचकून जागा झाला आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीनं ओरडला, “शिवलाऽऽ! शिवला रं!”

“शिवला!” पलीकडून दुसरा.

आणि दोनशे माणूस एका दमात उठलं. कुणी धोतर झटकलं, कुणी चपला शोधल्या. हातपाय धुवायला ओढ्याकडं निघाले, बाया मंडपाकडं सुटल्या. पंगतीच्या जागेवरून दोघांची बाचाबाचीही सुरू झाली.

“अहो थांबा! हे धरायचं न्हाई! पिशवी हाय ती!” कल्याण दोन्ही हात पसरून आडवा झाला.

भावकीतले सगळ्यात वडीलधारे भिमाजी काठी टेकत त्याच्यापाशी आले. “कल्यान, तू काय धरतुस अन् काय न धरतुस? मान्सं उठली. उठलेला दहावा पुना बसत न्हाई. सर, भूक लागली मला.” जाता जाता छबूबाईच्या पिशवीकडं त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. “कावळा कुठला म्हनायचा ह्यो?”

“लांबचा हाय, तात्या. बेटावरचा.”

“डोळं लई हायेत त्याला.”

“व्हय. म्हनून तर समदं दिसलं त्याला.”

पंगती बसल्या तेव्हा ओढ्यावर कुणी नव्हतं. तेवढ्यात दोन खरे कावळे उतरले, हुरडा खाऊन जड झालेले. एकानं दही चाखलं, दुसऱ्यानं गोळा फोडला. कुणी काही कबूल केलेलं नव्हतं, तरी खाल्लं. एकट्या अंगदनं ते पाहिलं. तो भांडी घासायच्या राखेपाशी उभा होता.

छबूबाई पंगतीला बसलीच नाही. ती विहिरीवर गेली, मोटरचं बटण दाबलं आणि पाइपाला ओंजळ लावून पोटभर प्यायली. मग काठावर बसून ठेचा-भाकरी काढली. अंगद मागून आला.

“आक्का, तू आमचं हसं केलं चार गावात.”

“हसं केलं, वाटोळं तर न्हाई केलं? बस. भाकर खा. दादांच्या नावाची हाय.”

तो बसला नाही. “साडेतीन एकरात तू काय पिकवनार? भिंगारला ऱ्हातीस. निकी तिकडं सातासमुद्रापार.”

“पिकवीन न्हाई तर पडीक ठिवीन. पडीक पडलं तरी माझं पडंल.” तिनं अर्धी भाकरी त्याच्यापुढं केली. “अंगदा, मी तुला बाभळीला झोके दिलेत, एका हातानं. दुसऱ्या हातानं ह्यो सगळा खड्डा वर आनलाय. रान तूच कस, मी काय नांगर घिऊन येत न्हाई. पन सातबाऱ्यावर नाव माझं लागनार, अन् ईहिरीत बी. निकीच्या पाठीमागं निकीचं.”

“कल्याण ऐकायचा न्हाई.”

“कल्यानला म्या कवा इचारलं? तुला सांगतीया.”

कावळे अंगदच्या डोळ्यांपुढून अजून हलले नसावेत. शेवटी त्यानं हात पुढं केला, भाकरी घेतली आणि पाठमोरा होऊन उभ्यानंच खाल्ली.

“तेराव्याला येनार हाय मी,” छबूबाई टॉवेल झटकत म्हणाली. “अन् कल्यानला सांग, आधार कार्ड आनते म्हनावं. नाव लावाया लागतं.”

दिवस कलला तेव्हा ती भिंगारला पोचली. पिशवीच्या कावळ्याच्या चोचीला दही आणि चार शितं वाळून चिकटली होती. तिनं नळावर बसून ती नखानं खरवडली, साबण लावला, आपटली नाही, हलक्या हातानं चोळली. टीप जशीच्या तशी होती.

“आलीस का गं?” लंकाबाई दारातून म्हणाली. “म्हाताऱ्याला कावळा शिवला का?”

“शिवला की.”

“खरं? झटकन?”

“झटकन कसला. न्ह्यावा लागला हितनं.” छबूबाईनं पिशवी पिळली, तारेवर उलटी टाकली आणि बंदाला दोन चिमटे लावले. कावळा डोकं खाली करून ठिबकत राहिला.

लंकाबाईला काही समजलं नाही. छबूबाईनंही समजावलं नाही. उद्या साठ भाकरी होत्या आणि गिरणी सातला बंद व्हायची. तिनं सूप घेतलं, पोत्यातून दोन पायल्या ज्वारी ओतली आणि उंबऱ्यात बसून खडे निवडायला लागली.